जुना गीझर सारखा सारखा बिघडतोय? पार्ट बदलायच्या आधी कारण शोधा

दिवाळी झाली की नाशकात सकाळचं पाणी हाताला झोंबायला लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की शहरातही गीझरशिवाय अंघोळीचं काही खरं नसतं. नेमके ह्याच दिवसांत जुने गीझर बंद पडतात, मेकॅनिक लोकांना फोन लागत नाही, लागला तर ‘परवा येतो’ म्हणतात. मग तो येतो, कॉइल (पाणी तापवणारा भाग) नाहीतर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) बदलतो, पैसे घेतो, दीड-दोन महिने बरं चालतं आणि पुन्हा तेच. घरात सगळ्यांचं म्हणणं पडतं की पार्ट डुप्लिकेट टाकला. कधी कधी ते खरंही असतं, पण बऱ्याच वेळा पार्ट चांगलाच असतो, पहिला पार्ट ज्या कारणाने गेला ते कारण मात्र तसंच राहिलेलं असतं आणि तेच दुसऱ्यालाही खातं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, एक पार्ट एकदा गेला तर बदला, तोच पार्ट दुसऱ्यांदा गेला की बदलणं थांबवा आणि तो का जातोय ते शोधा. हे लिहितोय ते मुख्यतः भिंतीवरच्या १०, १५, २५ लिटरच्या स्टोरेज गीझरबद्दल, आठ-दहा वर्षं जुन्या, गॅस गीझरबद्दल शेवटाकडे थोडंसं आहे.

पहिलं काम काहीही न उघडता करायचं. मोबाईलमध्ये एक नोट बनवा आणि प्रत्येक वेळी गीझरने त्रास दिला की तारीख टाकून लिहा: चालू केल्यावर किती मिनिटांनी बंद झाला, तेव्हा पाणी कोमट होतं की उकळतं, घरातला एमसीबी पडला की आरसीसीबी (दोन्ही बोर्डावरचे आपोआप पडणारे स्विच, फरक पुढे सांगतो) की काहीच पडलं नाही नुसतं पाणी गरम होईना, आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती का, लाइट गेली होती का, आणि पाणी कुठलं होतं, नळाचं, बोअरचं की टँकरचं. फार कंटाळवाणं वाटतं पण तीन-चार नोंदी झाल्या की पॅटर्न दिसायला लागतो, आणि मेकॅनिकला ‘चालत नाही हो’ सांगण्यापेक्षा ‘चालू केल्यावर आठ-दहा मिनिटांनी आरसीसीबी पडतो, पाणी तेव्हा कोमट असतं’ असं सांगितलं तर तो निम्मं काम फोनवरच करतो.

आता सेफ्टीचं, हे वगळून पुढे जाऊ नका. गीझर म्हणजे पाणी आणि २३० व्होल्ट एकाच डब्यात. कव्हर उघडायचं असेल तर नुसतं बाथरूमबाहेरचं बटण बंद करून चालत नाही, मेन बोर्डवरचा त्याचा एमसीबी खाली पाडायचा, प्लग असेल तर काढून ठेवायचा आणि घरच्यांना सांगून ठेवायचं की कोणी वर करू नका. मग टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून बघायचा, पेटतोय ना, आणि त्यानंतर गीझरच्या टर्मिनलला. नाहीतर टेस्टरच खराब निघतो आणि आपण समजतो की करंट नाही. खाली जिथे जिथे मीटर लावा, वायर सोडवा असं लिहिलंय ते वायरिंगची सवय असेल तरच स्वतः करा, नाहीतर लायसन्स असलेल्या वायरमनकडून तुमच्या समोर करून घ्या. आणि पाण्यात हात घातल्यावर जरासुद्धा झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी वापर बंद, ‘थोडासाच लागतो’ असं काही नसतं.

सगळ्यात जास्त तक्रार ट्रिप होण्याची असते म्हणून तिथून सुरू करू. आधी बोर्डावर बघा की पडतंय काय. एमसीबी पडतो तो जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तर. आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबीच म्हणतात, तो पडतो करंट कुठेतरी अर्थला गळतोय म्हणून. घरातला सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे एवढीशी गळती झाली तरी तो तोडतो, आणि तेच त्याचं काम आहे. म्हणून ‘हा फार सेन्सिटिव्ह आहे, बायपास करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. घरात आरसीसीबीच नसेल, जुन्या सिडकोच्या घरांत, पंचवटीतल्या वाड्यांत अजून खूप ठिकाणी नाहीये, तर गीझर दुरुस्तीच्या आधी तो बसवून घ्या.

आरसीसीबी बटण दाबल्या दाबल्या पडत असेल तर कॉइल सरळ लीक झालीये किंवा आतली वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तर बहुतेक कॉइलच्या बाहेरच्या नळीला बारीक चीर आहे, थंड असताना ती मिटलेली असते, तापली की उघडते आणि पाणी आत जातं. ही केस मेकॅनिकला फसवते कारण तो येतो तेव्हा गीझर थंड असतो, मीटर सगळं ओके दाखवतं, तो थर्मोस्टॅट बदलून निघून जातो. त्याला सांगायचं की भाऊ आधी चालू करून ट्रिप होऊ द्या, मग लगेच लाइन बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा आणि गरम असतानाच कॉइल ते बॉडी चेक करा. ५०० व्होल्टचा मेगर (गळती तपासायचं मीटर) असेल तर उत्तम, साध्या मल्टीमीटरवर सगळ्यात वरच्या रेंजला काहीही आकडा दिसायला नको, एक मेगाओहमच्या आसपास किंवा खाली काही आलं तर कॉइल गेली समजा.

आणखी एक प्रकार आहे जो लोकांना भुताटकी वाटतो: गीझरचं बटण बंद आहे तरी घरातला आरसीसीबी मध्येच पडतो, मिक्सर लावला की, पंप चालू केला की. ह्याचं कारण बटण एकेरी असतं, ते फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइलचा न्यूट्रलकडचा भाग अर्थला टेकत असेल तर घरात दुसरं काही चालू झालं की थोडा करंट त्या वाटेने जातो आणि आरसीसीबी पडतो. गीझरचा प्लग पूर्ण काढून दोन दिवस बघा, ट्रिपिंग थांबलं तर गुन्हेगार तोच. आणि दुरुस्तीनंतर तिथे डबल पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बसवून घ्या, इंडिकेटरवाला, खर्च किरकोळ आहे.

दर पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये पहिल्यांदा गीझर लावला की ट्रिप, असं होत असेल तर तेही साधं आहे. आपण एप्रिल-मेमध्ये गीझर बंद ठेवतो. कॉइलच्या आत जी पांढरी पावडर भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, ती दमट हवा शोषून घेते, जुन्या कॉइलची टोकांची सीलं सैल झालेली असतात तिथून. अशी कॉइल काढून कडक उन्हात नीट वाळवून परत मेगर केली तर कधी कधी वाचते. वाळवायची म्हणून आरसीसीबी बायपास करून चालवणं मात्र अजिबात नको. उन्हाळ्यातही आठवड्या-पंधरा दिवसांतून एकदा टाकी भरलेली आहे बघून गीझर तापवत राहिलं तर हा त्रास कमी होतो.

एमसीबी पडत असेल तर करंट मोजा. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. क्लॅम्प मीटर फेजच्या वायरला लावला की दोन सेकंदात कळतं. आकडा बरोबर असून १६ अँपिअरचा एमसीबी पडत असेल तर एमसीबीच म्हातारा झालाय किंवा त्याच्या खालचा स्क्रू सैल असल्याने तो गरम होऊन पडतोय. हा सैल स्क्रू फार त्रास देतो, पुढे येतोच.

आता दुसरी मोठी तक्रार, ट्रिप काही होत नाही पण पाणी गरम होईना, मेकॅनिक येऊन आतलं एक बारकं बटण दाबतो, टक आवाज येतो, चालू. चार दिवसांनी पुन्हा. ते बटण म्हणजे थर्मल कटआउट. थर्मोस्टॅट रोजचं काम करतो, पाणी ६० अंशांच्या आसपास आलं की तोडतो, गार झालं की जोडतो. कटआउट त्याच्या वरचा पहारेकरी आहे, थर्मोस्टॅट चुकला आणि ताप फार वाढला तर कटआउट तोडतो आणि हाताने दाबल्याशिवाय परत जोडत नाही, मुद्दाम, म्हणजे कोणीतरी येऊन बघावं की एवढा तापला का. आणि आपण नेमकं तेच बघत नाही, नुसतं दाबून मोकळे होतो.

ह्यात तुमची नोट कामाला येते. कटआउट पडायच्या आधी पाणी वाफाळतं, हात लावता येत नाही इतकं येत होतं का? मग थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत, तो तोडतच नाहीये, थर्मोस्टॅट बदला. पाणी कोमटच होतं आणि तरी कटआउट पडला, तर पाणी तापलेलंच नाही, फक्त कटआउटच्या जवळची जागा तापलीये. त्याची कारणं तीन: कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षाराचा जाड थर, कटआउटच्या टर्मिनलची वायर सैल होऊन तिथेच तापणं, किंवा टाकीत पाणी पूर्ण नसणं. ह्यात थर्मोस्टॅट कितीही वेळा बदला, काही उपयोग नाही. आमच्या ओळखीत एका घरी असाच थर्मोस्टॅटवर थर्मोस्टॅट बदलला गेला आणि शेवटी निघालं काय तर कटआउटला जाणारी वायर काळी पडून तिच्या टोकाचा लग, म्हणजे टर्मिनलवर बसणारा तुकडा, सैल झालेला.

क्षाराचा विषय आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने सौम्य, पण नव्या वस्त्यांत, पाथर्डी फाट्याकडे म्हणा किंवा आडगावच्या बाजूला, बऱ्याच सोसायट्या बोअरवर नाहीतर उन्हाळ्यात टँकरवर चालतात, आणि काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचा असं आहे, तर बोअरचं पाणी लॅबमधून एकदा तपासून घ्या, सोसायटीने मिळून केलं तर घरटी काहीच खर्च येत नाही. पाणी तापलं की त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट फुटून चुन्याचा थर बनतो आणि तो सगळ्यात आधी सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर बसतो. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात जायला वाट राहत नाही, कॉइल आतून लाल होते, बाहेरची नळी तडकते. म्हणजे ‘कॉइल दर वर्षी जाते’ हा आजार कॉइलचा नाहीच, पाण्याचा आहे.

कसं ओळखायचं? गीझर तापताना आतून कडकड, सूं-सूं, फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो, गरम नळाच्या जाळीत पांढरे पापुद्रे सापडतात. एक गोष्ट मात्र लोक उगाच सांगतात, की क्षारामुळे बिल दुप्पट येतं. कॉइल पाण्यातच असल्यामुळे तिची वीज शेवटी पाण्यातच जाते, बिलात फार फरक पडत नाही, नुकसान होतं ते कॉइल, कटआउट आणि टाकीचं.

साफ करायची पद्धत. एमसीबी बंद, प्लग बाहेर, गरम नळ सोडून टाकीतलं पाणी आधी गार होऊ द्या. मग इनलेटचा, म्हणजे थंड पाणी आत येतं तिथला अँगल कॉक बंद करा, गरम नळ उघडाच ठेवा म्हणजे हवा आत जाईल, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून किंवा खालचा ड्रेन उघडून टाकी रिकामी करा. बादली १५ लिटरची एक पुरत नाही, दोन ठेवा. खालचं कव्हर काढून वायरींचा फोटो घ्या, दोन-तीन अँगलने घ्या, परत जोडताना हाच फोटो वाचवतो. वायरी सोडवून फ्लँजचे, म्हणजे कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते तिचे नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत काढा. कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमचा रॉड एकत्र बाहेर येतात. टाकीच्या तळाला जो गाळ निघतो तो बघून पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काच बसतो. तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने आणि पाण्याने काढा, लोखंडी सळई आत घालून खरवडू नका, आजकालच्या टाक्यांना आतून काचेचा पातळ थर असतो, तो गेला की टाकी गंजलीच.

कॉइलवरचा थर हातोडीने ठोकून काढणारे आहेत, आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड ओतणारेही आहेत. दोन्ही नको. ठोकून नळीला चीर पडते, आणि ते ॲसिड तांब्याची कॉइल, तिचं प्लेटिंग सगळं खातं. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी, लिटरला साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्व, आणि त्यात कॉइलचा फक्त पाण्यात राहणारा भाग बुडवा, टर्मिनल वर कोरडी राहिली पाहिजेत. फेस येतो, तो थांबला की बाहेर काढून मऊ ब्रशने घासा, थर जाड असेल तर नवं पाणी करून पुन्हा ठेवा. शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवा. परत बसवताना गॅस्केट नवंच टाका, जुनं गॅस्केट परत बसवलं की हमखास गळतं आणि गळतं ते थेट वायरींवर.

त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड बघा, ॲनोड म्हणतात त्याला. ह्या रॉडचं काम स्वतः गंजून टाकीला वाचवणं, त्यामुळे तो झिजणारच. बोअरच्या पाण्यात वर्षाला एकदा बघायचा, बारीक होऊन आतली तार दिसायला लागली की बदलायचा. जुन्या गीझरमध्ये हा रॉड संपून कित्येक वर्षं झालेली असतात आणि कोणालाच पत्ता नसतो, कारण रॉड नसला तरी पाणी गरम होतंच, टाकी मात्र आतून जात असते. गीझर जितका जुना तितकं हे काम आधी करा.

क्षार पुन्हा लवकर बसू नये म्हणून थर्मोस्टॅट कमाल तापमानावर ठेवू नका. ७५ अंशांवर पाणी तापवून त्यात निम्मं गार मिसळून अंघोळ करायची ह्यात काही फायदा नाही, क्षार मात्र गरम पाण्यात फार वेगाने बसतो. ५५ ते ६० ठेवा. त्याच्याही फार खाली उतरवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

टाकीत पाणी नसताना गीझर चालू होणं हे कॉइल जाण्याचं दुसरं मोठं कारण आणि नाशकात उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की ह्याच्या केसेस वाढतात. सोसायटीची गच्चीवरची टाकी रिकामी होते, गीझरच्या इनलेटचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, खराब असला की खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला तर आपल्या गीझरमधलं पाणी उलटं पाइपात उतरतं, आपल्याला कळतही नाही, सकाळी बटण दाबलं की कोरडी कॉइल दोन-चार मिनिटांत जळते. ओळखायची खूण सोपी आहे: गीझर तापताना इनलेटचा थंड पाइप बराच लांबपर्यंत गरम लागतो का, किंवा सकाळी थंडाचा नळ सोडला की आधी थोडं गरम पाणी येतं का. येत असेल तर तो व्हॉल्व्ह गेलाय. बदलून टाका, आणि घरात सवय लावा की पाणी गेलं होतं असं कळलं तर आधी गरमाचा नळ सोडून अखंड धार येतेय बघायची, फसफस हवा येणं थांबलं की मगच बटण.

हाच व्हॉल्व्ह बऱ्याच गीझरमध्ये सेफ्टी व्हॉल्व्हपण असतो आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडतं म्हणून लोक त्याचं तोंड एम-सीलने बुजवतात. कृपा करून असं करू नका. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर नेलं तर साधारण पाव लिटरने वाढतं, नॉन रिटर्नमुळे ते मागे जाऊ शकत नाही म्हणून इथून बाहेर येतं. तापताना टपकणं म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. बुजवलं तर ते प्रेशर टाकीवर येतं. थेंब भिंतीवर नको असतील तर तोंडाला बारकी नळी लावून खाली जाळीपर्यंत सोडा, टोक उघडं ठेवून. गीझर थंड असतानाही सतत धार लागत असेल तर मात्र आत कचरा अडकलाय, दांडी दोन-चार वेळा उचलून सोडा म्हणजे वाहून जाईल, नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. आणि तरीही नवा व्हॉल्व्ह टपकत राहिला तर प्रेशर मोजा. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार, त्यामुळे साध्या सात मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरही प्रेशर काही फार नसतं, पण नव्या टॉवरमध्ये प्रेशर पंप असतो. गीझरच्या प्लेटवर किती बारचा आहे लिहिलेलं असतं, ०.८ एमपीए म्हणजे ८ बार.

वायरिंगकडे लोक शेवटी बघतात, खरं तर तिथे आधी बघावं. प्लग काढून पिना बघा, काळ्या पडल्यात, प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय, सॉकेट वितळल्यासारखं दिसतंय? मग गीझर बदलूनही हा त्रास जाणार नाही. १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट, कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, थेट बोर्डापासून वेगळी लाइन. एक्स्टेंशन बोर्डवर गीझर लावणं बंद करा. ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगांत ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत, त्या तापून-गार होऊन स्क्रूखाली हळूहळू दबतात आणि सैल होतात, मग ठिणगी, मग जळणं. वर्षातून एकदा थंडीच्या आधी वायरमनकडून बोर्डापासून गीझरपर्यंतचे सगळे स्क्रू कसून घ्या. अर्थिंगही तेव्हाच तपासून घ्या, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच राहतो.

पाणी गरम व्हायला वेळ लागतो ही तक्रार असेल तर आधी घड्याळ लावा. १५ लिटर, २ किलोवॅट, पाणी २० वरून ६० अंश, हिशोबाने २०-२२ मिनिटं लागतात. जानेवारीत टाकीतलं पाणीच जास्त गार असतं, तेव्हा चार-पाच मिनिटं वर गेली तर तो बिघाड नाही. व्होल्टेज २००वर आलं की तीच कॉइल दीड किलोवॅटच देते आणि २८ मिनिटं लागतात, सकाळी सगळ्यांचे गीझर एकदम चालू असतात तेव्हा व्होल्टेज मोजून बघा. कॉइलचा रेझिस्टन्स २ किलोवॅटला २६ ओहमच्या आसपास यायला हवा, आला तर कॉइल ठीक आहे. आणि पाणी गरम होतं पण अर्ध्या बादलीतच संपतं असं असेल तर कॉइलला हात लावू नका, आतली नळी तुटली असेल, त्यामुळे थंड पाणी सरळ गरम पाण्यात मिसळतं, किंवा तळाला गाळ भरून टाकीच लहान झाली असेल. बाथरूममधल्या मिक्सर नळाचे दोन्ही बाजूचे नॉब उघडे ठेवून हँड शॉवर तोंडावर बंद करण्याची सवय असेल तर तिथूनही थंड पाणी गरम लाइनीत घुसतं, हे एकदा बघाच.

गॅस गीझरवाल्यांसाठी थोडक्यात. स्पार्क येत नाही, येतो आणि जातो, तर आधी दोन्ही मोठे सेल बदला, एक जुना एक नवा असं नको. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असते, तिथे पाण्याचं प्रेशर कमी पडतं आणि गीझर पेटतच नाही, त्यात इनलेटची जाळी तुंबली असेल तर अजूनच. जाळी काढून धुवा, मग आतला रबरी पडदा, डायफ्राम, तपासून घ्या. बऱ्याच मॉडेलना साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, तो फॉल्ट समजू नका. ज्योत निळी असावी, पिवळी आणि काजळी धरणारी दिसली की वापर तिथेच थांबवा. आणि गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर इतर कुठलाही बिघाड बघायच्या आधी तो बाहेर हलवा, ड्राय बाल्कनीत किंवा हवा खेळती असेल तिथे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचून जीव तुटतो, कारण हे टाळता येणारं आहे.

मेकॅनिक आला की त्याच्या जवळ उभे राहा, विचारायला लाजू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. जुना पार्ट काढून घ्या, त्यावर खूण करून ठेवा, नवा पार्ट वॅट आणि नंबर जुळवून घ्या, २ किलोवॅटच्या जागी ३ किलोवॅटची कॉइल ‘लवकर तापेल’ म्हणून टाकू देऊ नका, वायर आणि स्विच त्याला पुरत नाहीत. बिलावर काय बदललं ते लिहून घ्या.

दुरुस्ती कुठे थांबवायची ते टाकीवर ठरवा. फ्लँजच्या गॅस्केटमधून, व्हॉल्व्हमधून, पाइपच्या जोडातून गळती असेल तर ती दुरुस्त होते. बाहेरच्या पत्र्याच्या खालून तांबूस पाणी ठिबकत असेल, गरम नळातून गंजाचं पाणी येत असेल तर टाकी फुटली, काचेचा थर असलेल्या टाकीला वेल्डिंग होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तरी नको. जुनी जाड तांब्याची टाकी असेल तर मात्र ती डागून मिळते आणि त्या टाक्या खरंच जपण्यासारख्या आहेत. टाकी चांगली असेल तर कॉइल, थर्मोस्टॅट, रॉड, व्हॉल्व्ह सगळं बदलूनही गीझर पुढे कित्येक वर्षं चालतो. टाकी गेली असेल तर एक रुपयाही घालू नका.

नवा घ्यायचाच झाला तर आयएसआय मार्क, म्हणजे आयएस २०८२, आणि बीईईचे, म्हणजे वीजबचतीचे स्टार बघा, बोअरचं पाणी असेल तर रॉड बाहेरून सहज काढता येतो असं मॉडेल विचारा, आणि खाली कव्हर उघडायला हात जाईल एवढी जागा सोडून बसवा, छताला चिकटवून बसवलेल्या गीझरची सर्व्हिस कोणी नीट करत नाही. बसवल्याची तारीख मार्करने खालच्या पत्र्यावर लिहा आणि त्याच्याच खाली पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरची तारीख, रॉड बघायची.